माफीच्या दावतीचा व्हिडिओ

खालापूर,
रविवार, दुपार

आदरणीय बिलकिस आपा,

अस्सलामु अलैकुम. श्रीवर्धनला सगळे खुशाल असाल, तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि दूल्हाभाईंनी या वयात सुपारीच्या झाडावर चढायचं सोडलं असेल, अशी दुआ करते. इकडे आम्ही ठीक आहोत. अनमची परीक्षा झाली, राहीलला पनवेलला नोकरी लागली आणि त्याचे अब्बा होते तसेच आहेत. पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन केला नाही, कारण मी फोनवर बोलायला लागले की हे समोरच्या खुर्चीत येऊन बसतात आणि माझी वाक्यं स्वतः पूर्ण करतात. फॅमिली ग्रुपवर लिहावं तर कुवेतपर्यंत चर्चा होते आणि उत्तर म्हणून फक्त फुलं येतात. तुझा सलमान चार दिवस राहून उद्या एसटीने परत निघतोय, त्याच्या पिशवीत हे पत्र घालते. (त्याला वाटेल लोणच्याची कृती आहे. वाटू दे.)

तर हकीकत अशी. हे खोपोलीकडच्या कारखान्यांत व्हॉल्व आणि प्रेशरचे मीटर दुरुस्त करायला जायचे हे तुला माहीत आहे. पण कारखान्याचे नोकर म्हणून नाही, तर चौकच्या साईनाथशेठच्या एजन्सीतर्फे, कंत्राटावर. एका वर्षी साईनाथशेठने पुण्याहून कुणी सल्लागार आणला (ऐन मे महिन्यात टाय लावून आला होता, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली). त्याने सगळ्या फिटर लोकांना बसवून समजावलं की यापुढे पगाराचा लहानसा तुकडा पगार म्हणून मिळेल आणि बाकीचे पैसे शेठच्याच एका ट्रस्टकडून कर्ज म्हणून मिळतील. कर्ज बिनव्याजी, मुदत नाही, परत कुणी मागणार नाही आणि कर्जावर कर लागत नसतो. आगरवाडीच्या पदूने आणि त्याच्या मेव्हण्याने, गजाने, चहा संपायच्या आत सह्या केल्या. यांनी मात्र कागद घरी आणला, चष्मा लावून वाचला, आणि त्यांना त्यात एकच शब्द दिसला: बिनव्याजी.

आता व्याजाचं यांचं तुला ठाऊक आहे. हप्त्यावर काही घ्यायचं नाही म्हणून आमच्या घरी फ्रीज आला तोवर शेजाऱ्यांचा दुसरा फ्रीज बिघडला होता. असा माणूस या कागदावर खूश झाला नसता तरच नवल. पण गंमत पुढे आहे. बाकीचे लोक मनात समजून होते की हा आपलाच पगार आहे, नाव तेवढं कर्ज. यांनी ते खरंच कर्ज मानलं. पगाराच्या दिवशी पदूच्या घरी मटण शिजायचं आणि आमच्याकडे हे पडलेल्या चेहऱ्याने येऊन म्हणायचे, आज आणखी कर्ज झालं, झिनत. ईदला नवे कपडे शिवायचे तर म्हणायचे, डोक्यावर एवढं देणं असताना? मी समजावून थकले की अहो, दिवसभर भट्टीशेजारी उभे राहता त्याचेच हे पैसे. त्यावर ते कागद दाखवायचे. लिहून दिलेल्या गोष्टीवर यांचा भारी विश्वास.

मग हजचा नंबर लागला. हजला जाणाऱ्याने आधी देणी फेडायची, ज्याचं मन दुखावलं असेल त्याची माफी मागायची, ही आपली रीत. हे निघाले ते थेट चौकला साईनाथशेठकडे. म्हणाले, एवढं कर्ज फेडणं या जन्मात मला जमणार नाही, एक तर हप्ते बांधून द्या, नाहीतर मोकळ्या मनाने माफ करा. साईनाथशेठ बिचारा दाराकडे बघायला लागला. "मियाँ, हलू बोला," म्हणाला, "त्या कर्जाची कोन आठवन काढत नाय, तुमी कशाला काढता?" जितका तो टाळायचा तितकी यांची खात्री पटायची की शेठच्या मनात राग आहे. पुन्हा पुन्हा जायला लागले. शेवटी साईनाथची आई मोतीबाई ओटीवरून ओरडली, "दे रं माफ करून! देवाच्या घरी चाललाय तो मानूस, त्याला अरवू नुको." आईपुढे शेठचं काही चाललं नाही.

दावत तुला सांगायला नको. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तू येऊ शकली नाहीस, पण राहीलने काढलेला व्हिडिओ तुला पाठवलाच होता. आमच्या अंगणात मांडव, अर्धं खालापूर जेवायला, आणि बिर्याणीच्या डेगेशेजारी उभे राहून साईनाथशेठ कॅमेऱ्याकडे बघत म्हणतोय, मोहियुद्दीनभाईंना दिलेलं समदं कर्ज मी माफ केलं. मोतीबाई डोळे पुसतेय. हे रडतायत. मग यांनी एकेकाची माफी मागायला सुरुवात केली, शेजाऱ्याची कुंपणावरून, पदूची हरवलेल्या पान्यावरून, आणि शेवटी माझ्याकडे वळले. मेहर हेही नवऱ्याने बायकोला द्यायचं देणंच, आणि अब्बांनी निकाहात यांच्याकडून माझ्या मेहरमध्ये पळसदरीच्या जमिनीचा तुकडा लिहून घेतला होता, तो यांनी आजवर माझ्या नावावर केलेला नाही (सुरुवातीला तलाठी रजेवर होता, पुढे आम्ही दोघंही रजेवर गेल्यासारखे झालो). सगळ्यांसमोर म्हणाले, झिनत, मेहर माफ कर. भात निवत होता, बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि 'माफ, माफ' असा एकच गलका झाला. मग पंगत बसली.

हे हज करून आले, दाढी वाढली, एजन्सी बंद झाली, आणि यांनी तहसील कचेरीजवळच्या आपल्या गाळ्यात 'दुरुस्ती केंद्र' काढलं. तिथे दुरुस्तीला कुणी येत नाही, चहाला सगळे येतात. सगळं सुरळीत असताना आयकराची नोटीस आली. तुम्ही घेतलेलं कर्ज हे कर्ज नसून पगार आहे, त्यावरचा कर भरलेला नाही, आणि तो न भरल्याबद्दल व्याज आणि दंड. आपा, ज्या माणसाने आयुष्यभर व्याज घेतलं नाही की दिलं नाही, त्याच्या नावावर सरकारने परस्पर व्याज लावलं. कराचा आकडा यांनी शांतपणे वाचला. व्याजाच्या ओळीवर आल्यावर पाणी मागितलं.

कर्जतच्या सुप्रियाताई आमच्या वकील. त्यांनी सुनावणीआधी निक्षून सांगितलं होतं की विचारलं तेवढंच बोला, कर्ज अजून अंगावर आहे एवढंच म्हणा. समोर समिधा मॅडम नावाची अधिकारी होती, आपल्या अनमपेक्षा थोडी मोठी असेल, फार शांत मुलगी. तिने एवढंच विचारलं, चाचा, हे कर्ज तुम्ही फेडलं का? हे म्हणाले, नाही, पण फेडायची गरजही उरली नाही, आणि खिशातून मोबाइल काढून माफीचा व्हिडिओ लावला. सुप्रियाताईंनी डोळे मिटून घेतले. मॅडमने तो पूर्ण पाहिला, मग शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना बोलावून पुन्हा पाहिला (साहेबांनी आचाऱ्याचा नंबर विचारला, यांनी दिला). मग मॅडम म्हणाली, जे देणारा मागत नाही आणि घेणाऱ्याने फेडायचं नाही, ते कर्ज कसलं, चाचा? ते तुमच्या कामाचेच पैसे. म्हणजे इतकी वर्षं मी जे सांगत होते तेच. पण मी सरकार नाही.

सुदैवाने अशी जुनी भांडणं मिटवायची एक योजना निघाली आहे. ते पैसे पगारच होते असं लिहून द्यायचं, मूळ कर भरायचा, व्याज आणि दंड सरकार सोडून देतं. महिनाअखेर शेवटची तारीख. पदू आणि गजाने याही वेळी चहा संपायच्या आत सह्या केल्या. साईनाथशेठनेही आपल्या बाजूने पगारच होता असं कबूल करून टाकलं. अख्ख्या तालुक्यात ते कर्ज होतं असं म्हणणारा एकटा माणूस उरला, आणि तो माझ्या घरात होता. सही करेनात. नुसते भिंतीला टेकून बसायचे. मला आधी वाटलं पैशाचं दुःख आहे. तसं नव्हतं. तो पगार असेल तर त्यावरचा कर त्या वेळीच देणं लागत होतो, म्हणजे मी सरकारचं देणं डोक्यावर ठेवून हजला गेलो, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. शेवटी मौलाना घरी आले आणि म्हणाले, ज्या देण्याची तुम्हाला खबरच नव्हती त्याचा जाब तुम्हाला कोण विचारणार? आता कळलंय, आता फेडा. मग हे उठले, व्यवस्थित जेवले आणि जाहीर केलं की पळसदरीची जागा विकून कर भरायचा. आपा, खरं सांगते, मला त्या दिवशी यांचा अभिमान वाटला आणि संतापही आला, दोन्ही एकाच वेळी. मी भांडी घासायला निघून गेले.

जागेला गिऱ्हाईक काय, लगेच मिळालं. शनिवार-रविवारी राहायला येणाऱ्या मुंबईकरांना पळसदरी हवीच असते. दलालाने येऊन मी लावलेल्या जांभाच्या झाडाला हात लावला आणि हे काढावं लागेल म्हणाला. त्या झाडाखालून धरणाचं पाणी दिसतं. तिथे दोन खोल्या बांधायच्या, तू गुडघा घेऊन यायचंस आणि आपण दोघींनी कुणालाही जेवायला न वाढता बसून राहायचं, हे मी तुला किती वेळा सांगितलंय. असो. परवा साईनाथशेठ घरी आला. तो पगारच होता हे कबूल केल्यावर त्याला कुणीतरी सांगितलं की मग त्या पगारावरचा प्रॉव्हिडंट फंड तू बुडवलास, हे लोक मागू शकतात. तो आता काशीला निघालाय. दारातच हात जोडून म्हणाला, "मोहियुद्दीनभाई, आता तुमी मना माफ करा." यांनी क्षणभरही विचार केला नाही. मिठी मारली, माफ केलं, राहीलला हाक मारून व्हिडिओ काढायला लावला आणि मला चहा टाकायला सांगितला. सुप्रियाताई म्हणतात, त्या फंडातून कराचा बराच भाग सुटला असता. चहात मी साखर घातली नाही, पण दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

तर अशी इकडची खुशाली. दूल्हाभाईंना सलाम, मुलांना दुआ. सगळं अल्लाच्या मर्जीने चाललंय, माझी कशाबद्दल काही तक्रार नाही.

तुझी धाकटी,
झिनत

ता. क. हे आत्ताच डोकावून गेले. म्हणाले, आपांना लिहितेच आहेस तर सांग, तो दावतीचा व्हिडिओ मोबाइलमधून काढून टाका, त्याने फार नुकसान केलं. यांनी आपला काढला, राहीलनेही काढला. आता फक्त तुझ्याकडे आहे.

पुन्हा ता. क. काढू नकोस. शुक्रवारी दलाल बयाणा द्यायला येणार, तू गुरुवारीच मोबाइल घेऊन ये. गाडीभाडं मी देईन. मोतीबाई डोळे पुसते तिथून पुढे बघ. हे मेहर माफ कर म्हणतात, तेव्हा 'माफ, माफ' हा आवाज माझ्या नणंदेचा आणि तिच्यामागच्या बायकांचा आहे. मी मधोमध उभी आहे, उजेड थेट माझ्या तोंडावर आहे. कर भरायला विकायचाच तर यांचा गाळा आहे, चहा घरीही होतो. मौलानांना आणि यांना एकत्र बसवून तेवढाच तुकडा दाखवायचा, बोलायचं काही नाही. माझे ओठ मिटलेले दिसतील, आपा. मी ते ठरवून मिटले होते.