उघडा राहिलेला चौकोन

सिंदी मेघे, वर्धा
१२ फेब्रुवारी १९९६

प्रिय हेमलता,

हे पत्र पोस्टानं पाठवायची हिंमत झाली नाही, म्हणून माझा भाऊ प्रफुल बंगलोरला येतोय त्याच्या हाती देते आहे. त्याच्याशी बोल, पण ऑफिसात नको, घरी.

आधी चांगलं सांगते. तू दिलेल्या उपग्रहाच्या चित्रावरून मी आर्वीकडच्या खडकातल्या भेगांचा नकाशा केला. त्यात दाखवलेल्या जागी बोअर मारली आणि एकशेवीस फुटांवर पाणी लागलं. शकुबाई नावाच्या म्हातारीनं माझा हात धरून विचारलं, "इतक्या वरून तुले आमचं पानी कसं दिसलं वो बाई?" मी म्हटलं, माझी मैत्रीण अवकाश केंद्रात आहे, तिनं दाखवलं. किती मिरवलं मी तुला!

अशा चित्रासाठी रीतसर अर्ज करून दोन वर्षं झाली होती. आम्हा बाहेरच्या प्राध्यापकांना तुमच्या केंद्राचं साधं उत्तरही येत नव्हतं. म्हणून सुट्टीत येताना तू ते चित्र पिशवीतून आणलंस. असल्या चित्रात पुलगावचा दारूगोळ्याचा डेपो काळ्या चौकोनाखाली झाकतात म्हणे. यात तो उघडाच होता. माझं सगळं लक्ष खडकांवर, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. तेच चित्र माझ्या शोधनिबंधासोबत मी जर्मनीतल्या एका भूगर्भतज्ज्ञाला पाठवलं.

गेल्या मंगळवारी तास चालू असताना आमचा शिपाई पुनाजी दारात आला. "मॅडम, दोन साहेब आले. काऊन आले ते सांगत नाईत." ते गुप्तचर खात्याचे होते. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही, मला त्याचीच जास्त भीती वाटली. मी जर्मनीला पाठवलेलं पाकीट फोडून टेबलावर ठेवलेलं होतं. चार तास एकच प्रश्न, चित्र कुणी दिलं? तेव्हापासून दारावर थाप पडली की मी आधी खिडकीतून बघते. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहते.

हेमा, तीन तास मी तुझं नाव सांगितलं नाही. मग त्यांनी माझ्या अंकितची शाळा, वर्ग, तुकडी, सुटायची वेळ सगळं वाचून दाखवलं. आणि मी तुझं नाव लिहून दिलं. खाली सही केली. ते याच आठवड्यात तुझ्याकडे येतील. 'मी दिलं नाही' असं म्हणू नकोस, खोटी ठरशील. कुमुदनं हट्टानं मागून घेतलं, असं सांग. उद्या त्यांच्या नागपूरच्या कार्यालयात जाऊन मीही तेच लिहून देणार आहे. यानंतर तू मला कधीच पत्र लिहिलं नाहीस, तरी मी समजेन.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
कुमुद