कचरूभाऊंची पाच बोटं

५ जानेवारी १९९४
साहेबांनी आज पकडलंच असतं! जेवणाच्या सुट्टीत स्कॅनरच्या काचेवर कडुनिंबाची डहाळी ठेवली, झाकण उघडंच. दिवा सरकत गेला आणि पडद्यावर – काळ्या अंधारात एकेक पान, शीर-न्-शीर! काचेला टेकलेलं लख्ख, वर राहिलेलं धुरकट. कॅमेऱ्यात असं नाय येत. तेवढ्यात दार वाजलं. डहाळी पर्समध्ये कोंबली. मशीन ओळखपत्रांसाठी आहे, माझ्या खेळासाठी नाही. नोकरी गेली तर लासूरला आबांना काय तोंड दाखवू? ‘आमची पोर वाळूजला कंप्युटरवर बसती’ – अख्ख्या गावाला सांगून झालंय त्यांचं.

८ जानेवारी
आज लाल मिरच्या. काचेवर बी सांडलं. दोनदा पुसलं, तरी धाकधूक.

१७ जानेवारी
विद्यापीठाचं नामांतर झालं. गावांकडनं वाईट बातम्या येताहेत, कंपनीच्या बसला जाळ्या बसवल्यात. पत्रा कापायच्या प्रेसवरचे कचरूभाऊ बसमध्ये पेढे वाटत होते. काहींनी घेतले, काही खिडकीबाहेर बघत बसले. मी घेतला. मागून कुणीतरी – “तुला लई पुळका!”

आणि तो पेढा देणारा हात! दिवाळीआधी प्रेसखाली दोन बोटं गेली. साहेबांनीच खासगी डॉक्टरकडं नेलं. कागद नाही, रजिस्टरात नोंद नाही. कचरूभाऊ टेम्पररी, गप्प राहिले. तो हात काचेवर कसा दिसेल, हेच माझ्या डोक्यात. काय बाई आहे मी!

२० जानेवारी
कचरूभाऊंना घाबरत विचारलं. “घ्या की ताई. तुटका हाय, चावत नाय!” हलू नका म्हटलं, हललं की बोटं वाकडीतिकडी येतात. त्यांनी श्वाससुद्धा रोखून धरला. घट्टे, तेल, टाक्यांची शिवण – सगळं आलं. मला रडू फुटलं. ते मात्र म्हणाले, “आयुष्याची रेषा लई लांब हाय की माझी!”

४ फेब्रुवारी
मेले! माझ्या स्वतःच्या हाताचं चित्र प्रिंटरवर राहिलं, साहेबांना सापडलं. पण ते ओरडले नाहीत. “मंजुळाबाई, सगळ्या टेम्पररींचे हात असे घ्या. खाली नाव, तारीख. पुण्याला हेड ऑफिसात पाठवू. हात शाबूत, तोच कायम.”

माझ्या खेळातनं हे निघालं!

९ फेब्रुवारी
कचरूभाऊ म्हणाले, “माझा नका घेऊ ताई. तीन पोरी हायेत.” घेतला, न घेऊन चालतंय का? मग दार लावून पडद्यावर माझ्या चित्रातली दोन बोटं माउसनं त्यांच्या हाताला जोडली. बायकी दिसत होती, थोडी जाड केली, वर तेलाचे डाग रंगवले. त्यांना सांगितलं नाही. कुणालाच नाही.

१० फेब्रुवारी
साहेबांनी गठ्ठा न बघताच सही केली.

२२ मार्च
कचरूभाऊ कायम झाले! त्यांच्या बायकोनं, सरूबाईंनी, गेटवर येऊन माझ्यावरून कडाकडा बोटं मोडली. “पुण्याची माणसं देवमाणसं हायेत!” मी नुसती हसले. चोराच्या मनात चांदणं.

१८ एप्रिल
कचरूभाऊ म्हणाले, “आता कायम हाय, आता कुणाला भ्यायचं नाय. भरपाईचा दावा लावलाय.” नका लावू, म्हटलं. “का?” “साहेब चिडतील,” एवढंच म्हटलं.

२ जून
साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझं चित्र. कचरूभाऊंचं नाव, पाच बोटं, खाली ९ फेब्रुवारी. “दिवाळीआधी बोटं गेली म्हणतो. मग फेब्रुवारीत ही कुठून आली?” हसत होते. दवाखान्यात ह्यांनीच नेलं होतं ना! “छान काम केलंत. चित्र खरं आहे, एवढंच कोर्टात सांगायचं. नाहीतर तुम्हीही घरी, तोही घरी.”

नाही. खरंच सांगणार. नोकरी गेली तर गेली! बोटं माझी आहेत म्हणणार.

आबांना तसं पत्र लिहायला घेतलं, फाडून टाकलं.

२० जून
कोर्टात कंपनीच्या वकिलानं चित्र वर धरलं. “हा हात कुणाचा?” कचरूभाऊ समोरच बसले होते, मला बघून जरा धीर आल्यासारखे.

मी म्हटलं, “कचरूभाऊंचा.”