बाबाचं बुकिंग

प्रिय काजलताई,

माहं अक्षर पाहून तू घाबरशील. आठवी सोडल्यापासून मी कोणाले चार ओळी लिहिल्या नाहीत. पण माही तब्येत ठीक आहे, गाडी कुठं ठोकली नाही, कोणाशी मारामारी बी केली नाही. फोन काहून नाही केला म्हणशील, तर फोनवर बाबाचं नाव निघालं की तू कापते, आणि मले आज तेच नाव घ्यायचं आहे. कागद फाडायचा असंल तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड. ड्यूटी स्लिपच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून राहिलो, स्टिअरिंगवर पुठ्ठा ठेवून. कालपासून डोकं सुन्न आहे, म्हणून कुठलं पहिले आणि कुठलं मग ते मागंपुढं होईल.

परवा टॅक्सीच्या मालकाचा मेसेज आला. पहाडगंजचं हॉटेल, सकाळी साडेपाच, ताजमहाल एका दिवसात जाऊन येऊन, प्रायव्हेट गाडी, आग्र्याहून गाईड, गेस्ट दोन. नाव टी. पी. भोयर. मी तर खूश झालो. म्हटलं आपल्याच आडनावाचे, आपल्याकडचे कोणी असतील तर दिवसभर मराठी बोलायले भेटंल, हिंदी बोलून बोलून तोंड आंबलं आहे. सकाळी दाढी केली, पाटीवर नाव लिहिलं आणि हॉटेलच्या दारात छातीजवळ पाटी धरून उभा राहिलो. कंपनीचा नियमच आहे, गेस्ट दिसला की पहिले हसायचं. आतून एक माणूस आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळा चष्मा, पायात नवेकोरे स्पोर्टचे बूट. मी हसलो. त्यानं चष्मा काढला तर बाबा! आपले ताराचंद पुंडलिक भोयर!

ताई, काय सांगू. जमीन सरकते म्हणतात ना, तसं नाही झालं. काहीच झालं नाही. तोंडातून सवयीनं निघून गेलं, "गुड मॉर्निंग, सर." आणि बाबा, कोराडीच्या विजेच्या प्लांटमध्ये जन्म घालवून कोळशात काळे झालेले आपले बाबा, मोठ्या थाटात "गुड मॉर्निंग" म्हणाले. त्यांच्या मागून एक बाई आली. पन्नाशीची असंल, हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, मान खाली. मले वाटलं हॉटेलातली कोणी असंल. ती गाडीजवळ आली तर बाबानं तिच्यासाठी दार उघडलं. बाबानं! आईले कधी ऑटोत चढताना हात दिला नाही त्या माणसानं. मग माह्याकडे पाहून म्हणे, "ही देवकी. कोर्टात लग्न केलं आमी, दोन महिने झाले." पंखा दुरुस्त करून आणला, अशा आवाजात.

आता कागद खाली ठेवला असशील तर परत उचल. मी बी गाडी तिथंच सोडून पळून जाणार होतो. पण ड्यूटी स्लिपवर गेस्टची सही झाली की ड्रायवरले पळता येत नाही. मी दार लावलं, पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या, एसी विचारला, सगळं नियमानं केलं, आणि एक्स्प्रेस वेवर लागल्यावर अशी गाडी हाणली की सांगू नको. आरशात पाहत नव्हतो. डोक्यात एकच, तू खरी होती. मागच्या मे महिन्यात तू बाबाच्या दारात बाईच्या चपला पाहिल्या, उचलून रस्त्यावर फेकल्या आणि मले फोन करून सांगितलं, तेव्हा मीच तुले शिव्या घातल्या की बुढ्या माणसावर असं घाण बोलते. आता वाटत होतं, बरंच केलं फेकल्या ते.

जेवरच्या टोलनाक्याच्या पुढं मागून आवाज आला. देवकीबाईले गाडी लागली होती. लुगड्यावर, सीटवर, सगळीकडे उलटी. मी बाजूले घेतली. ती उतरून आपल्याच पदरानं सीट पुसून राहिली आणि मले म्हणते, "माफ कर गा बापू, तुही गाडी खराब झाली. मी पहिल्यांदाच बसली ना एवढ्या दूर." मी म्हटलं, "राहू द्या मॅडम." हो, मॅडम. दिवसभर मी तिले मॅडम आणि बाबाले सर म्हटलं. रागानं म्हटलं की लाजेनं, माहं मलेच समजलं नाही.

तिथं रस्त्याच्या कडेले उभं राहून मी बाबाले विचारलं, की हे नाटक कशापायी? फोनवर सांगता येत नव्हतं का? बाबा म्हणाले, "फोनवर तू मले दोन मिनिटं तरी देतो का गा? 'चालवून राहिलो बाबा, मंग करतो.' तुहा मंग कधी येतच नाही. तू गाडीचा फोटो पाठवला होता ना, त्याच्या काचेवर तुह्या मालकाचा नंबर होता. म्हटलं, याचं नाव सांगून याचा दिवसच बुक करू. गेस्टले सोडून कुठं जाईल?" आणि हसले बी, ताई! देवकीबाई उलटी धुऊन राहिली आणि बाबा हसून राहिले. आई गेल्यापासून चार वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता, तर मले तो ओळखूच आला नाही पहिले.

आग्र्याले गाईड चढला. लई बोलका माणूस, पान खाणारा. मी आजपर्यंत तिथं शंभरावर फेऱ्या मारल्या असतील, पण ड्रायवरनं पार्किंगच्या पुढं जायचं नसते, त्यामुळं ताजमहाल मी आतून कधी पाहिला नव्हता. गाईड म्हणे दो टिकट. बाबा म्हणाले, "तीन. ये ड्रायवर नहीं, हमारा पोट्टा है." गाईडनं माह्याकडे असं पाहिलं की मले भुईत गाडून घ्यावंसं वाटलं. गेलो मग.

गेटवर माणसांची लाईन वेगळी आणि बायांची वेगळी असते. जवानानं बाबाचे खिसे चाचपले तर त्यातून गोळ्यांची पाकिटं निघाली, एक, दोन, पाच. तो विचारून राहिला ये सब क्या है, आणि बाबा नुसतेच चाचरून राहिले, माह्याकडे पाहून राहिले. तेवढ्यात बायांच्या लाईनीतून देवकीबाई ओरडली. सकाळपासून जिचा आवाज चढला नव्हता ती बाई दोरीवरून अर्धी वाकून ओरडली, "साहेब, वो दिल की गोली है! छाती फाडके ऑपरेशन हुआ है उनका, बायपास! वो लेने को पडता है बारा बजे!" सगळी लाईन पाहाले लागली. जवानानं गोळ्या परत दिल्या. मी बाबाले म्हटलं, "कोणाचं ऑपरेशन?" ते म्हणाले, "चाल, मागचे लोक थांबले आहेत."

ताई, तिथून पुढं माह्यासमोर तो एवढा मोठा पांढरा महाल आला, लोक आहाहा करून राहिले, आणि मले काही दिसलं नाही. गाईड सांगून राहिला किती हजार मजूर, किती वर्षं, कोणता दगड कुठून आणला. मी बाबाच्या शर्टाकडे पाहून राहिलो. ऊन कडक होतं, चबुतऱ्याच्या सावलीत बाबा टेकले आणि त्यांनी वरच्या दोन गुंड्या काढल्या. गळ्याच्या खळगीपासून खाली, बॅगले चेन लावते तसा वण. गाईडले काय माहीत, त्यानं त्याचा नेहमीचा विनोद मारला, "सर, बादशाह ने तो बेगम के लिए ये बनवा दिया. आपने मैडम के लिए क्या बनवाया?" बाबा म्हणाले, "मैंने कुछ नहीं बनाया. उसने ही फारम पे सही किया मेरे लिए." गाईड हसला. बाबा नाही हसले. मग तिथंच बसून त्यांनी मले सगळं सांगितलं, आणि गाईड बिचारा पान चघळत बाजूले उभा राहिला.

देवकीबाई मौद्याकडची. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, कोराडीच्या कॉलनीतल्या मेसमध्ये पोळ्या करते. आई गेल्यावर बाबा संध्याकाळी चहा-बिस्किटावर झोपून राहत, हे तिले मेसमधूनच समजलं, तर ती डब्बा आणून द्यायची. बस, एवढंच होतं तेव्हा. तू चपला फेकल्या त्या दिवशी ती आत मोरीवर डब्बा घासून राहिली होती. तू जे जे बोलली ते सगळं तिनं ऐकलं. तू गेल्यावर ती तशीच अनवाणी गेली, मे महिन्याच्या दुपारी, डांबरावरून. हे मले तिनं नाही सांगितलं, बाबानं सांगितलं, आणि ती त्यांले "जाऊ द्या ना, कायले काढता" म्हणत होती.

ऑक्टोबरात बाबाच्या छातीत दुखलं. हिनंच ऑटोत टाकून नेलं. दवाखान्यात म्हणाले लगेच कापावं लागंल, नातेवाईक बोलवा, सही पाहिजे. बाबानं खाटेवर पडल्या पडल्या आपल्या दोघांले फोन लावले. लागले नाहीत. तिथं कोणाची बी सही चालत नाही म्हणे, जवळचंच माणूस लागते. तर देवकीबाईनं पेन घेतला आणि सही केली. बाबाले हे सुट्टी झाल्यावर कागद वाचताना समजलं. रुग्णाशी नातं, त्याच्यापुढं लिहिलं होतं, पत्नी. बाबानं विचारलं, "हे काय लिहिलं वं?" तर म्हणते, "मंग काय लिहू, डब्बेवाली?"

बाबा मले म्हणाले, "माह्या जिवासाठी बाई खोटं बोलली गा. ते खोटं तसंच राहू द्यायचं का? म्हणून कोर्टात गेलो. महिनाभर आमची नोटीस बोर्डावर लागली होती. रोज वाटे, पोरं वाचतील, कोणी त्यांले सांगंल, येतील, भांडतील तरी. कोणीच नाही आलं."

मी उठून लांब गेलो, तिकडे मागं नदी आहे, तिथं. मोबाईलमध्ये बाबाचं व्हॉट्सॲप उघडलं आणि मागं मागं गेलो. सतरा ऑक्टोबर. सहा मिस्ड कॉल, वीस मिनिटांत. त्याच्या खाली माहाच मेसेज, ड्रायविंग, नंतर करतो. मी तेव्हा ड्रायविंग नव्हतो, ताई. मनालीले गेस्ट उतरवून पोरांसोबत पत्ते खेळून राहिलो होतो. तुह्याकडे तर लागलेच नसतील, तू तेव्हा नंबर ब्लॉक करून टाकला होता. मी हे तुले टोचायले नाही लिहून राहिलो. मी एकट्यानं हे उचलू शकत नाही म्हणून लिहून राहिलो.

एक गोष्ट लपवत नाही. त्या महालासमोर एक दगडी बाक आहे, सगळे जोडपे तिथं फोटो काढतात. फोटोवाल्यानं बाबाले आणि तिले बसवलं, म्हणे सर हाथ रखिए. बाबानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. आईसोबत बाबाचा असा एक बी फोटो नाही आपल्याकडे. मी तोंड फिरवलं. देवकीबाईच्या ते ध्यानात आलं, ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "राहू द्या, मले चक्कर येऊन राहिली." तो फोटो निघालाच नाही. तेव्हा मले बरं वाटलं. आता वाटत नाही.

परतताना दोघं बी मागं झोपले होते. हॉटेलवर उतरताना बाबा म्हणाले, "काजलकडे जायचं आहे. मी एकटा असतो तर कधीचा गेलो असतो, मारलं तरी पोरीनंच मारलं. पण तिनं हिले पुन्हा दारातून हाकलून दिलं तर मले नाही पाहवणार. तू सांग, जाऊ की नको?" त्या माणसानं आयुष्यात मले पहिल्यांदा काही विचारलं, ताई. मी म्हणून टाकलं, जा. तुले न विचारता म्हणून टाकलं.

पहिले वाटलं हे पोस्टात टाकतो. पण पोस्टात टाकलं तर तू वाचशील, रडशील आणि दार लावून बसशील, मी तुहाच भाऊ आहे, मले माहीत आहे. म्हणून पाकीट चिकटवून बाबाच्याच हातात देऊन राहिलो. आत काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. आज संध्याकाळच्या गाडीत मी त्यांले बसवतो, उद्या नागपूरले उतरून ते कोराडीले न जाता सरळ तुह्याकडे बेसाले येतील. म्हणजे तू हे वाचून राहिली तेव्हा बाबा तुह्या दारात उभे आहेत. तिसरा माळा आहे तुहा, लिफ्ट बंद असंल तर पायऱ्या चढून आले असतील. त्यांले आधी खुर्ची दे, मग भांडायचं तेवढं भांड. आणि गॅलरीतून खाली पाह. देवकीबाई गेटच्या बाहेर उभी असंल. तिनं मले सांगितलं, पोरीनं बोलावल्याशिवाय मी पायरी चढणार नाही. बाबा हे तुले सांगणार नाहीत, म्हणून मी सांगून राहिलो. तिथं सावली नाही वं ताई. तिले वर बोलाव.

तुहाच,
आयुष