रोहलिक अपोलेनाला चावला

ब्रनो, रविवार

प्रिय हेडविका,

आधीच सांगतो, अपोलेना ठीक आहे. रोहलिक तिला चावला, पण सापाच्या एवढ्याशा पिल्लाचे दात ते केवढे! नुसता ओरखडा आहे. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे?

गेल्या आठवड्यात त्याच्या पेटीत हात घातला की तो अचानक शेपूट थरथरवत अंगावर यायला लागला. पोरगी रडली, "बाबा, मी त्याला आवडेनाशी झाले." नव्या शाळेत ती अजून कुणाशी बोलत नाही, बोलायची ती फक्त त्याच्याशी. म्हणून मी धास्तावलो.

सोमवारी तिनंच हाक मारली, "बाबा, त्याचे डोळे बघ ना, दुधाळ झालेत! कात टाकणार आहे तो. त्याला नीट दिसत नाही, म्हणून घाबरतो बिचारा."

तिनं पेटीवर शाल टाकली आणि त्याला अजिबात छेडलं नाही. आज सकाळी अख्खी कात पडलेली दिसली. तिनं हळूच हात आत ठेवला. माझा जीव टांगणीला! तो सावकाश तिच्या मनगटावर चढला.

त्याच्याकडे बघतच तिनं विचारलं, "आई कधी येणार?"

म्हणून लगेच हे पत्र लिहायला बसलो. गुडघा बरा असेल तर आईच्या कोंबड्या शेजारणीकडे सोपव आणि ये.

तुझी वाट बघणारा,
ओल्द्रिख