बावडीतल्या आक्काचा शेवट

रवि. ५ फेब्रु. १९८४

थेटरवर नवा फलक चढला. ‘लाल बावडी’ भाग चौथा, खाली जाड अक्षरांत ‘अंत’. शुक्रवार १७ पासून. पेंटरने लाल रंगात एवढं पाणी घातलंय की रक्त ओघळून खालच्या साबणाच्या जाहिरातीवर आलंय. मॅनेजर म्हणतात राहू दे, बरं दिसतं.

वखार सुटल्यावर तंबाखूच्या बाया फलकाखाली थांबल्या. पदराने नाक पुसत वर बघत उभ्या. त्यांची पुढारी गंगाक्का, पन्नाशीची, वखारमालकालाही तोंडावर ऐकवणारी. मला हाक मारली.

“दिनकर, अंत म्हंजे कुणाचा रं?”

“रिळांच्या पेट्या यायच्यात अजून. मला काय ठावं.”

“आक्काचा नसंल न्हवं?”

मी केबिनमध्ये मशीन चालवतो, पण या बायांना वाटतं गोष्टही मीच लिहितो. आक्का म्हणजे पिक्चरमधली हडळ. पोटुशी असताना सासरच्यांनी विहिरीत ढकललेली, आता वर येऊन माणसांची नरडी फोडते. पोरं शिट्ट्या मारायला येतात. वखारीतल्या बाया मात्र तिला घरातली थोरली समजतात. दुसऱ्या भागात तिने मुकादमाचं आतडं बाहेर काढलं तेव्हा बायकांच्या बाजूने जो आवाज उठला, तसा मी बारा वर्षांत ऐकला नव्हता.

गुरु. ९ फेब्रु.

बायकोचा, सु.चा भाऊ मनोहर बेळगावहून आला. कचेरीत कारकून, ‘लाल बावडी’चा वेडा. तिकडे गेल्या शुक्रवारीच लागलंय, हा पहिल्या खेळाला हजर. स्टँडवर चहा पिताना माझ्या कानाशी लागला.

“संपिवली दाजी तिला. जाळली.”

बेळगावात कॉलेजच्या पोरांनी खुर्च्या फाडल्या म्हणे. ती मेली म्हणून नाही, रक्त कमी आणि रडारड जास्त म्हणून. दुसरी पोरं तिच्या बाजूने भांडली. मनोहर सांगतो की तो स्वतः दोन दिवस जेवला नाही. असेल. अंगावर काही दिसत नाही.

त्याला बजावलं, सु.जवळ अवाक्षर नको. तिला आठवा महिना लागलाय. पुढं काही सांगावं लागलं नाही, भाऊच आहे तिचा. आधीच्या दोन्ही खेपेला मूल आठव्यातच गेलं. डॉक्टरीणबाई म्हणतात जड उचलायचं नाही, मनाला लावून घ्यायचं नाही. पहिलं आम्हाला जमतं.

सोम. १३ फेब्रु.

सु. आज दुकानातून हिरवा खण घेऊन आली. ट्रंकेत तळाशी ठेवला. मी बघितलं हे तिने बघितलं.

आमच्या घरात देव नाहीत. माझ्या वडिलांनी, आबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, देव्हारा नदीत सोडला. बुद्धाची तसबीर आणि आबांचं पुस्तकांचं कपाट, एवढंच. नवस, धागा, अंगारा चालत नाही. मलाही पटतं. दुसरं मूल गेल्यावर शेजारणीने यल्लम्माचं नाव काढलं तर आबांनी तिला उंबऱ्यावरून परत धाडलं होतं. सु. तेव्हा आत भाकऱ्या थापत होती. थापतच राहिली.

मग गेल्या शिमग्याच्या सुमाराला तिसरा भाग आला. शेवटच्या दिवशी बाया पडद्याखाली गेल्या, नारळ आणि खण ठेवून आक्काची ओटी भरली. मी केबिनच्या भोकातून बघतोय, तर त्यांत सु. घरी येऊन विचारलं.

“देव सोडल्यात, मान्य हाय,” म्हणाली. “ही कुठं देव हाय? सिनेमा हाय. सिनेमाला आबा न्हाय म्हनत न्हाईत.”

“मागितलंस काय?”

“जगू दे म्हटलं. पोटुशीला ती हात लावत न्हाय. तुमी बघितलं न्हाय व्हय?”

बघितलं होतं, शंभरदा. दुसऱ्या भागात पोटुशी बाई समोर आल्यावर ती मागे फिरते. पण ते लिहिणाऱ्याने लिहिलंय, असं मी म्हणालो नाही. चार महिन्यांनी दिवस राहिले. आता तर माझं तोंड कायमचंच बंद.

आबांना ठाऊक नाही. किंवा आहे, आणि—

गुरु. १६ फेब्रु.

सकाळच्या गाडीने हुबळीहून पेट्या आल्या. एकटाच बसून सगळं तपासून घेतलं. शेवटचं रीळ दोनदा.

विहिरीच्या कठड्यावर मांत्रिक तिला अडवतो. आधी पोट फाडतात. आतलं काढून होमात टाकतात. मग तिला. सहा मिनिटं. मी मुंडकी उडताना डबा खाल्लेला माणूस आहे. आज डबा तसाच घरी आणला.

सु.ला म्हटलं, आठव्यात थेटरात कशाला जातेस, गर्दी असते. तर म्हणे, “पहिल्या खेळाला ओटी भरीन म्हनून बोल्ले हाय. बोल्लेलं मोडू व्हय?” खरं सांगावं तर घरीच धसका घेईल, न सांगावं तर तिथे बसून बघेल. आबा ओट्यावर पेपर वाचत होते. पान उलटलं नाही बराच वेळ.

शुक्र. १७ फेब्रु.

केलं. कुणाला न विचारता केलं.

सकाळी जाऊन ती सहा मिनिटं कापली. आक्का कठड्यावर केस सोडून उभी आहे, भोवती मशाली, तिथेच थेट ‘समाप्त’ची पट्टी जोडली. कापलेला तुकडा रिकाम्या डब्यात ठेवला. जोड दोनदा सुटला.

तीनच्या खेळाला बायकांची बाजू खच्चून. ‘समाप्त’ आलं, क्षणभर कुणालाच कळेना, मग गंगाक्का ओरडली, “गावली न्हाय! गावली न्हाय कुनाला!” आणि सगळा तंबाखूबाजार उठून उभा राहिला. पोरं विचारतायत, झालं एवढ्यात? बाया पडद्याकडे धावल्या. सु. हळूहळू गेली, पोटावर हात धरून. खण ठेवला.

संध्याकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्या तिने. माझा हात घेऊन पोटावर ठेवला, पाय मारत होतं. खूप दिवसांनी बरं वाटलं. लबाडी करून वाटलं, पण वाटलं.

रवि. १९ फेब्रु.

सदलग्याची पोरं सायकली मारत आली होती. त्यांच्यातल्या एकाने बेळगावला बघितलेलं. खेळ सुटल्यावर ऑफिसच्या दाराशी ठिय्या.

“आमचा शेवट कुठं हाय? आमी काय बिनशेवटाचं बघाय आलतो?”

गंगाक्का त्यांना आडवी. “आमच्या थेटरात न्हाय जाळत तिला. तुमच्या बेळगावात जाळा जावा.”

“आवो मावशी, पिक्चर एकच असतंय.”

“मग तुमचं खोटं असंल.”

मॅनेजरने मला ऑफिसात नेऊन दार लावून घेतलं. शिव्या दिल्या, कामावरून काढतो म्हणाले. दार उघडलं तेव्हा तिकिटाची रांग पार पोस्टापर्यंत गेलेली. मग आवाज बदलला. तोडगा काढला : दुपारी बायांसाठी बिनशेवटाचं, बाकी दोन खेळ शेवटासकट.

म्हणजे दुपारी मी तिला वाचवायचं आणि दिवेलागणीला जाळायचं. रोज कापा, रोज जोडा. दर जोडाला दोनतीन चित्रं जातात. कठड्यावरचं तिचं तोंड आत्ताच उडी मारायला लागलंय.

बुध. २२ फेब्रु.

मॅनेजर स्वतःला फार हुशार समजतात. बायांना नवरे असतात हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. पुरुष संध्याकाळचा खेळ बघून घरी जातात आणि जेवताना सगळं सांगतात. वखारीत दोन तट पडले. एक म्हणतो खोटं, दुसरा म्हणतो खरं. कामावर बोलणं नाही एकमेकींशी.

सु. अजून काही विचारत नाही. शेजारीण आली की मी मध्येच काहीतरी बोलत बसतो. मनोहरचं पत्र आलं, त्यात चार पानं आक्कावरच. सिनेमा काढणाऱ्यांना निषेधाचं पत्र पाठवतोय, बेळगावातल्या पोरांच्या सह्या घेऊन. मला म्हणतो तुम्हीही सही करा दाजी. मी कुठल्या तोंडाने करू? रोज संध्याकाळी जाळणारा मीच.

शुक्र. २४ फेब्रु.

कुणीतरी हुबळीला, पिक्चर पुरवणाऱ्या कंपनीला कळवलं. कंपनीचा माणूस आला. तरणा, सफारीतला, पण बोलायला वाईट नाही. जोड बोटाने चाचपून बघितले. म्हणाला, “प्रिंट खराब केलीस. का केलंस एवढंच सांग.”

सांगितलं. बायकोचं, दोन मुलांचं, सगळं. त्याने रीळ डब्यात घातलं. “मला वाईट वाटतं,” म्हणाला, “पण ही प्रिंट पुढं संकेश्वरला जायाची, मग गोकाकला. समद्या गावांस्नी असं एकेक कारन असतंय.”

उद्यापासून तिन्ही खेळ शेवटासकट. तो प्रिंट जाईपर्यंत रोज केबिनमध्ये बसणार.

रवि. २६ फेब्रु.

गंगाक्काने भर बाजारात गाठलं. मिरच्या निवडत होतो.

“माज्या डोळ्याला डोळा लावून सांग. जाळत्यात?”

“व्हय.”

“आनि पोट?”

मी मिरच्या पिशवीत भरल्या. ती म्हणाली, “मशीन तुज्याच हातात हाय की रं.” कसं सांगू तिला. माझ्या हातात फक्त चालू आणि बंद आहे, आणि आता बंदही नाही.

घरी आलो तर सु.ला कळलेलं. कोण बोललं ते विचारलं नाही. ती भिंतीला टेकून बसली होती आणि आबा समोर, पाटावर. आबांना मी असं कधी बघितलं नव्हतं. आवाज एकदम खाली.

“ती नटी हाय गं पोरी. तोंड धुऊन आपल्या घरी गेली आसंल. आत्ता जेवत आसंल.”

“मला ठावं हाय आबा.”

“मग?”

“ठावं असून काय उपेग?”

चाळीस वर्षं माणसांना समजावत हिंडलेल्या माझ्या बापाने, ओटी कशाला भरलीस, एवढं एकदाही विचारलं नाही. म्हणजे आबांना सगळं आधीपासून माहीत होतं. खणासकट.

माझ्यावर ती रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, “कापून दावलंत ते माज्यासाठी न्हवं? मला वाटलं तिनंच सोडिवलं सोताला.”

बुध. २९ फेब्रु.

सकाळपासून हालचाल नाही म्हणते. साखरेचं पाणी दिलं, कुशीवर झोपवलं. नाही. अकराच्या सुमाराला आबा तिला रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेले. मी बरोबर निघालो तर थेटरवरून निरोप, ताबडतोब या. दुसरा ऑपरेटर नाही. चार वर्षं मागतोय, मॅनेजर ‘बघू’ म्हणतायत. आबा म्हणाले, “जा. मी हाय.”

तीनचा खेळ. बाया आल्या होत्या, सगळ्या, भांडलेल्याही. शेवटचं रीळ चढवलं. ती कठड्यावर आली, मशाली पेटल्या, आणि बायकांच्या बाजूला गंगाक्का उठली. तिच्या मागून सगळ्या. आरडाओरड नाही, खुर्ची आपटणं नाही. ओळीने दाराबाहेर गेल्या. पोरांच्या बाजूने कुणी शिट्टीसुद्धा मारली नाही. डोअरकीपरने नंतर सांगितलं, बाहेर भिंतीकडे पाठ करून उभ्या राहिल्या, लेकरांचे कान दाबून, आतला आवाज थांबेपर्यंत.

कंपनीचा माणूस माझ्या शेजारी स्टुलावर. त्याने पडद्याकडे बघायचं सोडून दिलं होतं. मी सोडू शकत नाही. मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या सारख्या सरकवाव्या लागतात, नाहीतर पडद्यावरचा उजेड मंदावतो. सहा मिनिटं केबिनमधून मी एकट्यानेच बघितलं म्हणायचं. माझी बायको दवाखान्यात, आणि मी इथे कांड्या सरकवतोय. लाज वाटली. राग आला, कुणाचा ते कळेना.

गुरु. १ मार्च

दवाखान्याच्या व्हरांड्यात लिहितोय. बाळाचे ठोके आहेत. मंद आहेत, पण आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या आजचा दिवस बघू, मग ठरवू. काय ठरवणार ते विचारायचं धाडस झालं नाही. आबा बाकावर पाठ न टेकता बसलेत, कालपासून.

मॅनेजरकडे सकाळी जाऊन आलो. म्हटलं, आज तीनचा खेळ नका लावू. बाजाराचा दिवस आहे म्हणाले, बायको बरी होईल, काळजी करू नकोस. कंपनीच्या माणसाने माझी बाजू घेतली, पण मशीन चालवायला त्याला येत नाही.

दोन वाजता आत सोडलं. सु.चं तोंड पांढरं. हात धरला तर धरू दिला.

“आज किती खेळ हाईत?”

“तीन.”

“तिन्हीत?”

“व्हय.”

छताकडे बघत म्हणाली, “तुमी नका लावू हात. दुसरं कोन बी लावू दे. बापानं नगं.”

बरं म्हटलं. दुसरं कुणी नाही हे तिलाही माहीत आहे. अडीच वाजून गेलेत. आबा माझ्याकडे बघतायत, जा म्हणत नाहीत, थांब म्हणत नाहीत.