सलाईनच्या घंटीची मुदतवाढ

१५ एप्रिल १९९१, सोमवार
आजपासून अधिक वैशाख. तीन नेम धरले. एकभुक्त राहणे, रोज पोथीचा एक अध्याय, आणि यांच्या पेटंटची मुदत वाढवून घेणे. तिसरा सर्वांत सोपा.

यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान पुढं, आमचं घर मागं, मध्ये पडदा. त्याच दुकानात बसून यांनी सत्त्याहत्तर साली सलाईनची घंटी केली. बाटली हलकी झाली की स्प्रिंग वर उचलते आणि घंटी वाजते. लाईट लागत नाही. पेशंटजवळच्या माणसाला बाटलीकडं बघत बसायला नको. पेटंट चौदा वर्षांचं, येत्या ९ नोव्हेंबरला संपतं. पण मंजुरीशिवाय दवाखाने घेत नाहीत आणि मंजुरीसाठी सॅम्पल सात वर्षं दिल्लीला तपासणीत पडून आहे. ती सात वर्षं आपल्या खात्यात धरायचीच नाहीत. चंद्राचे दिवस मागं पडले की पंचांगात अधिक महिना घालून भरून देतात. देवाच्या दारी ही रीत, मग सरकारच्या दारी का नसावी? मी मॅट्रिक आहे. अर्ज मीच लिहिणार.

१८ एप्रिल
मुंबईच्या पेटंट ऑफिसला अर्ज टाकला. सोबत पंचांगाचं पान जोडलं. गेल्या अधिक महिन्याचं, जुन्या पंचांगातलं. चालू पंचांग फाडणं बरं नाही. हे म्हणाले, लोकं हासतील गं. म्हटलं, हसले तर मुंबईत हसतील, परभणीत ऐकू येतंय का?

२ मे
दानाचे तेहतीस अनारसे तळायला घेतले. लिंबाएवढे केले, देव आकार बघत नाही. तुपात विरघळले. गूळच ओला होता.

१४ मे
अधिक संपला. एकभुक्त निम्मं जमलं. चहा धरत नाहीत. अर्जाचं उत्तर नाही, म्हणजे विचार चालू आहे.

१९ जून
पुण्याच्या एका फर्मचा माणूस दुकानात आला. म्हणे, पेटंट आमच्या नावे करून द्या. मंजुरीच्या मागं आम्ही लागतो, नगामागं ठरेल ते देतो आणि प्रत्येक घंटीवर तुमचं सीताराम हे नाव कोरतो. पण हे सगळं पेटंट जिवंत आहे तोवर. यांनी पेनाचं टोपण काढलंसुद्धा. मी पडद्याआडून खोकले. म्हटलं, सात वर्षं वाढून आली की या, मग बरोबरीनं बोलू. तो म्हणाला, बाई, वाढून कुठून येणार? म्हटलं, अर्ज गेलाय.
गेला. येईल परत.
हे जेवले नाहीत. पित्त असावं.

२५ जुलै
व्यंकटराव वकील म्हणजे यांचे शाळासोबती. घड्याळाचा पट्टा बदलायला आले, तेव्हा विचारलं. म्हणाले, "वैनी, कायद्यात अधिक महिना न्हाई. चौदा म्हंजे चौदा. तपासणीत गेली ती गेली. त्या फर्मवाल्याला आजच तार करा." अर्धा कपच चहा दिला. स्वतःची वकिली चालत नाही, दुसऱ्याचं काही चालू देत नाहीत.
हे मात्र टोपी घालून तार करायला निघाले. म्हटलं, चातुर्मास लागलाय, नवा करार कशाला? दसऱ्याला बघू. टोपी काढून बसले. ऐकणारा माणूस आहे.

१२ ऑगस्ट
हे कधी नव्हे ते बोलले. "माय दवाखान्यात होती. मला डोळा लागला. बाटली कोरडी पडली, माय हाका मारायली अन् मी घोरायलो. म्हणून केली ती घंटी. नावाचं जाऊ दे, वाजली पायजे."
म्हटलं, नावासकट वाजेल. धीर धरा.
उठून दुकानात गेले. पटलं असावं.

२८ ऑक्टोबर
दसरा झाल्यावर फर्मला कार्ड टाकलं होतं, बोलणीस यावे म्हणून. उत्तर आलं. 'आता थोडेच दिवस राहिले आहेत, आम्ही थांबतो.' आपल्या मुदतवाढीसाठी पुण्याची माणसं थांबायलीत! यांना वाचून दाखवलं. यांनी कॅलेंडरवर ९ नोव्हेंबरपर्यंतचे दिवस मोजले.

९ नोव्हेंबर, शनिवार
आज मुदत संपते. पण आज दुसरा शनिवार, सरकारी ऑफिसं बंद. म्हणजे सोमवारपर्यंत आपोआप वाढलीच. सुरुवात चांगली झाली.
यांनी दुकान उघडलं नाही. दाढीही केली नाही.

२ डिसेंबर
मुंबईचं उत्तर आलं. मुदत वाढवून देण्याची तरतूद कायद्यात नाही. पंचांगाचं पान परत पाठवलंय, घडीसुद्धा न मोडता. नीटनेटकं ऑफिस आहे. वर अपील करीन. आज शाई नाही.

१९ फेब्रुवारी १९९२
दिल्लीचं पत्र! सॅम्पल पास! शेजारी साखर वाटली. हे म्हणाले, "आता कुणीबी करावी." कसल्या आवाजात म्हणाले ते लिहिता येत नाही.
अपील राहिलंय. संक्रांतीपासून हात दुखतोय.

११ जुलै, शनिवार
सरकारी दवाखान्यातली आया सुगंधाबाई दुकानात आली. पिशवीतून घंटी काढली. पितळेची, चकचकीत, वर पुण्याच्या फर्मचं नाव. म्हणाली, "वाजंना झालीय. पोरगी सलाईनवर हाय, तिची माय तीन दिस झोपली न्हाई."
यांनी घंटी उलटी करून बघितली. पेटंटला जोडलेल्या नकाशात यांच्या हातून एक भोक जास्तीचं काढलं गेलं होतं, कसल्याच कामाचं नाही. फर्मनं तेही पाडलंय. यांनी अंगठा त्या भोकावर ठेवला. मग स्प्रिंग काढली, पुसली, बसवली. घंटी वाजली. मी एवढी वर्षं इतक्या जवळून ऐकली नव्हती.
सुगंधाबाई म्हणाली, "काका, लय झटक्यात केलं. असली घंटी पयलं कदी बघितली व्हती का?"
हे म्हणाले, "न्हाई."
"पुण्याच्या लोकायनं लय डोकं लावलंय बगा."
"व्हय," हे म्हणाले. "लावलंय खरं."
माझा हात पडद्यावर होता. पडदा बाजूला सारला नाही.