धबधब्याला कोण कोण जाणार

प्रिय ताई,

ताई लिहिलं खरं, पण लिहून कितीतरी वेळ पेन तसंच धरून बसले. नवऱ्याच्या पहिल्या बायकोला काय म्हणायचं, हे मला कुणी शिकवलंच नाही. सवत म्हणावं तर आपण एका छपराखाली एक दिवससुद्धा राहिलो नाही. आपली भेट म्हणजे सुट्टी लागली की दारात लेकीची बॅग द्यायची आणि सुट्टी संपली की परत घ्यायची. मागच्या खेपेला तू 'अहो-जाहो नको गं' म्हणालीस, त्या जोरावर 'तू' म्हणतेय. चुकलं तर सांभाळून घे.

बातमी अशी की येत्या रविवारी आमची वरात धबधब्याला निघालीय. डोंगरातल्या त्या मोठ्या उद्यानात, फाटकापासून वर धबधब्यापर्यंत, पायी. कल्पना अर्थातच आपल्या लिफ्टवाल्याची. (आपल्या म्हणजे, आधी तुझा, आता माझा.) जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या माणसाने आम्हाला लिफ्टमध्ये पाऊल ठेवायची बंदी केलीय. सराव म्हणून रोज संध्याकाळी पाचही मजले जिन्याने चढायचे. वाटही रोज बदलते. सोमवारी तळ्याकडून जायचं होतं, मंगळवारी खिंडीतून, काल परत तळ्याकडून. आपल्या सासूबाईंनी घडीची खुर्ची काढून ठेवलीय. गुडघे दुखतात म्हणून त्या फाटकापाशीच बसणार आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना उपदेश करणार. आणि तुझ्या लेकीचं प्रत्येक गोष्टीत 'आई असं करायची' चालू असतं. आई चढावर दर वळणाला चॉकलेट द्यायची, आई डोंगरात गेल्यावर दात घासायला लावायची नाही. यातलं खरं किती आणि पोरीच्या पदरचं किती, ते तूच सांग. मी आपली सगळ्याला मान डोलावते.

खरं सांगू, हल्ली माझं डोकंच ठिकाणावर नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढची भिंगं बदलत मी विचारत असते, आत्ता बरं दिसतं की मघाशी बरं होतं? काही जण गोंधळून दोन्हीला हो म्हणतात. पूर्वी मला हसू यायचं. आता मलाच कुणी विचारलं, जायचंय की थांबायचंय, तर मीही दोन्हीला हो म्हणेन. मागच्या आठवड्यात सरावाला तिसऱ्या मजल्यावर भिंतीला टेकले. लिफ्टवाला म्हणाला, आळस आहे नुसता. सासूबाई नुसत्या बघत राहिल्या, आणि जेवताना म्हणाल्या, तू माझ्यासोबत खालीच थांब, मला एकटीला कंटाळा येतो. त्या आणि कंटाळा! वाटेतल्या कुत्र्याशीही तासभर गप्पा मारतील त्या.

खाली थांबणं सोपं होतं गं, पण मी शब्द देऊन बसलेय. तुला ठाऊक नसेल, दोन वर्षांत तुझ्या लेकीने माझा हात कधी धरलेला नाही. रस्ता ओलांडताना ती माझ्या पिशवीचा पट्टा धरते. मीही कधी जबरदस्ती केली नाही. मांजर मांडीवर आपणहून यावं लागतं. तर त्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर उद्यानाचा नकाशा पसरला होता. धबधब्याच्या अलीकडे ओढा आहे, त्यात मोठमोठे दगड आहेत, त्यांच्यावरून पलीकडे जायचं. बाबा फोटो काढत पुढे पळणार, हे तिने ओळखलंच. ओढ्यावर बोट ठेवून, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, इथे तू माझा हात धर. मी हो म्हटलं आणि भांडी घासायच्या निमित्ताने आत जाऊन रडले. आता नाही म्हटलं तर ती पुन्हा पट्ट्यावर जाईल, कदाचित तोही सोडेल. तुम्ही दोघं वेगळे होताय हे तिला ऐन निघायच्या वेळी, दारात कळलं, असं सासूबाई सांगतात. तुला दोष देत नाही मी. पण तेव्हापासून कुणी ठरलेलं बदललं की ही पोर नुसतं 'बरं' म्हणते आणि पुढे काहीच मागत नाही. त्या 'बरं'ची मला फार भीती वाटते.

आता सांगूनच टाकते. मला दिवस गेलेत. चार दिवसांपूर्वी कळलं, आणि डॉक्टरीणबाईंनी चढ-उताराला सक्त मनाई केलीय. दुकानात उशीर झाल्याचं सांगून मी सध्या चोरून लिफ्टने घरी येते. पाय मुरगळला असं खोटं सांगता येईल, पण पुढे बाळाचं कळल्यावर पोर सगळं जुळवेल आणि म्हणेल, बाळासाठी माझा हात सोडला. लिफ्टवाल्याला अजून बोलले नाही, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून सगळ्यात आधी तुला सांगतेय, आणि हे किती विचित्र आहे तेही मला कळतंय. शनिवारी मी तिला जवळ बसवून सगळं सांगणार आहे, बाळाचं आणि वर न येण्याचंही. ती 'बरं' म्हणेल. मग रविवारी त्या दगडांवर तिच्याजवळ कुणीतरी हवं, तिचंच. ताई, तू ये. तिने तुझा हात धरलेला मला खालून दिसणार नाही, ते चांगलंच आहे, कारण मला हेवा वाटेल. आत्ता लिहितानाच वाटतोय. तरी ये.

तुझीच,
धाकटी